विश्लेषण : जुन्या कीबोर्डचे आवाज प्लगइनमध्ये सापडतात, मग झाडीपट्टीने काय जपायचे?

दिवाळी झाली, धानाची कापणी उरकली, की पूर्व विदर्भात मंडईचे दिवस सुरू होतात. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले, छत्तीसगडच्या सीमेजवळचे चिचगड आणि त्याच्या आसपासची गावे याच पट्ट्यात येतात. दिवसा मंडई आणि रात्री नाटक हा इथला हंगाम. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि त्यात गाण्यांना संवादांइतकेच महत्त्व असते. या गाण्यांची मदार ज्या कीबोर्डवर आणि ऑक्टोपॅडवर असते, त्यातली कित्येक यंत्रे आता वीस-पंचवीस वर्षांची झाली आहेत. त्यांचे आवाज संगणकात पुन्हा निर्माण करणारी ‘सॉफ्टवेअर सिंथेसायझर प्लगइन’ आज सहज मिळतात, काही तर फुकट. मग जुने यंत्र भंगारात काढायचे का? आणि काढले, तर त्यासोबत नेमके काय जाईल?

प्रश्न नेमका कुणाचा?

झाडीपट्टी म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांचा धान पिकवणारा पट्टा. दंडार, खडी गंमत अशा लोककलांच्या अंगाखांद्यावर वाढलेली इथली रंगभूमी आजही तिकीट लावून चालते. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव राज्याबाहेरही पोहोचले.

या रंगभूमीवर पायाने भाता हलवून वाजवायच्या ऑर्गनची परंपरा जुनी आहे. संगीत नाटकाच्या काळात मराठी रंगमंचावर रुळलेले हे वाद्य इथे पुढेही टिकले. पुढे तबला-ढोलकीच्या शेजारी ऑक्टोपॅड आला आणि ऑर्गनच्या शेजारी कीबोर्ड. नागपूरपासून गोंदिया, रायपूर, दुर्गपर्यंत लग्नात आणि मिरवणुकीत वाजणाऱ्या धुमाल पार्ट्यांचेही तेच. ढोल-नगाऱ्याच्या गजरावर जो सूर चिरत जातो, तो कीबोर्डमधूनच निघतो. कोणत्याही कंपनीचा असला तरी गावात त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात.

हंगाम मोजक्या महिन्यांचा. त्यात यंत्र बंद पडले तर वादकाचा रोजगार बुडतो. म्हणून हा विषय जुन्या आवाजांची हौस असलेल्यांपुरता नाही.

मिडी म्हणजे आवाज नव्हे, मग काय?

बहुतेक गोंधळ इथेच होतो. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, सूचना असतात. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, सूर वाकवला का, कोणता टोन निवडला, एवढेच त्यात लिहिलेले असते. दप्तरातली स्वरलिपीची वही आणि गाण्याची ध्वनिफीत यांत जो फरक आहे, तोच मिडी आणि एमपी३ यांत आहे.

म्हणूनच तीन मिनिटांची मिडी फाइल काही दहा केबींत मावते. तेच गाणे सीडीच्या दर्जात ठेवायचे तर सुमारे ३० एमबी लागतात.

ही व्यवस्था आली १९८३ मध्ये. त्याआधी एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू शकत नसे. जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले सिंथेसायझर निर्माते डेव्ह स्मिथ यांनी सर्वांसाठी एकच भाषा असावी, यासाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्य प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरने जोडून दाखवण्यात आले. एकावर वाजवले की दुसराही वाजत होता. या कामासाठी दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी देण्यात आला.

ऑक्टोपॅडचा जन्मही याच व्यवस्थेतला. रोलँडने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ पॅडवर काठी पडली की तो फक्त मिडीची सूचना पाठवायचा. आवाज दुसऱ्या यंत्रातून यायचा. आवाज पोटात असलेली मॉडेल नंतर आली आणि भारतात हे नाव वाद्याचेच नाव होऊन बसले.

एकच फाइल दोन ठिकाणी वेगळी का वाजते?

सूचना तीच, पण ती पाळणारे यंत्र वेगळे. मिडी फाइल तुमच्या फोनवर उघडा आणि नंतर संगणकावर. फोनमधला छोटा सिंथेसायझर वेगळे आवाज काढील, विंडोजमधला वेगळे. विंडोजमध्ये वर्षानुवर्षे असलेला मिडी सिंथेसायझर रोलँडकडून परवाना घेतलेल्या आवाजांवर चालतो. साधारण २००२ नंतर मोबाइलवर ज्या ‘पॉलिफोनिक’ रिंगटोन आल्या, त्यांतल्या बहुतेकही मिडीच्याच होत्या. त्यामुळे एकच धून या फोनवर गोड आणि त्या फोनवर कर्कश वाजायची.

हा गोंधळ आवरण्यासाठी १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ हे मानक आले. १२८ आवाजांची एक क्रमवार यादी ठरली. पहिला क्रमांक पियानोचा, ताल नेहमी दहाव्या चॅनेलवर, वगैरे. रोलँडचा त्याच वर्षीचा एससी-५५ हा डबा या यादीचा व्यवहारातला नमुना ठरला. त्या काळातले संगणकीय खेळांचे आणि कराओकेचे संगीत डोळ्यांसमोर हाच डबा ठेवून रचले जाई. यादीने पियानोच्या जागी पियानोच वाजेल याची हमी दिली. पण तो पियानो कसा वाजेल, याची हमी तिने कधीच दिली नाही.

१२८ आवाजांत आपले किती?

या यादीत भारतीय म्हणता येतील असे दोनच आवाज आहेत. १०५व्या क्रमांकावर सतार आणि ११२व्या क्रमांकावर सनई. तबला नाही, ढोलकी नाही, बासरी आहे ती पाश्चात्त्य धाटणीची. झाडीपट्टीच्या ऑर्गनला सर्वात जवळचा आवाज २१व्या क्रमांकाचा ‘रीड ऑर्गन’. तोही पाश्चात्त्य वाद्याच्या एका नमुन्यावर बेतलेला.

म्हणून आपल्याकडच्या वादकांनी नेहमीच जुगाड केले. सर्वात प्रसिद्ध उदाहरण मिडीच्या तीस वर्षे आधीचे आहे. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटाचे संगीतकार हेमंत कुमार होते, पण त्यातली गाजलेली बीन गारुड्याची नव्हती. ती वाजवली होती, पुढे संगीतकार म्हणून नावारूपाला आलेल्या कल्याणजींनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या फ्रेंच बनावटीच्या विजेच्या वाद्यावर. आज वरातीत नागीण नाच सुरू झाला की कीबोर्डवाला जो टोन लावतो, तो नकलेची नक्कल आहे. तरीही लोकांच्या कानात बीन म्हणजे तीच.

दुसरे उदाहरण मुंबईचेच. स्टुडिओत साथ करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन नवी यंत्रे घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांनी डोक्यावर घेतली. त्या तीनही यंत्रांचे आवाज आज प्लगइनच्या रूपात विकत मिळतात.

पुढे यामाहा, कॅसिओ, रोलँड या कंपन्यांनी भारतासाठी तबल्याचे ताल आणि भारतीय टोन असलेली खास मॉडेल काढली. म्हणजे मागणी होती, हे कंपन्यांनाही कळले होते.

प्लगइन जुना आवाज परत कसा आणते?

प्लगइन म्हणजे संगीताच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये बसवायचे छोटे सॉफ्टवेअर. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि १९९९ मध्ये त्यात वाद्येही चालू लागली. जुना आवाज परत आणण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, गणित पुन्हा मांडण्याचा. यामाहाचा डीएक्स-७ हा १९८३चा कीबोर्ड आवाजाचे नमुने साठवत नसे; तो सहा लहरींना एकमेकींवर स्वार करून आवाज घडवत असे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधलेली ही पद्धत. तिचे पेटंट नव्वदच्या दशकात संपले. गणित तेच मांडले की आवाज तसाच येतो, म्हणून ‘डेक्स्ड’ हे पूर्णपणे मोफत प्लगइन डीएक्स-७च्या मूळ टोनच्या फाइल थेट उघडू शकते.

दुसरा मार्ग नमुन्यांचा. कॉर्गचा एम-१ हा १९८८चा कीबोर्ड खऱ्या वाद्यांचे छोटे ध्वनिमुद्रित तुकडे पोटात बाळगून होता. ते सारे तुकडे मिळून केवळ ४ एमबी होते, म्हणजे आज फोनवर येणाऱ्या एका गाण्याएवढे. कॉर्गने स्वतःच एम-१ आणि १९९९च्या ट्रायटनची प्लगइन काढली. रोलँडनेही डी-५० आणि जेव्ही-१०८० यांची काढली. मूळ तुकडे कंपनीकडेच असल्याने ही प्लगइन बरीच जवळ जातात.

तिसरा मार्ग, यंत्राचे अख्खे डोके सॉफ्टवेअरमध्ये उभे करण्याचा. रोलँडच्या १९८७च्या एमटी-३२ या डब्यासाठी ‘मंट’ हे मोफत सॉफ्टवेअर तेच करते. मात्र त्याला मूळ यंत्राच्या चिपमधली माहिती लागते. ती कुठून आणायची, हा प्रश्न कायद्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

याखेरीज ‘साउंडफाँट’ हा नव्वदच्या दशकातला साधा प्रकार आहे. कोणत्याही वाद्याचे तुकडे एका फाइलमध्ये भरायचे आणि ‘फ्लुइडसिंथ’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाजवायचे. हा प्रकार संगणकावर चालतो आणि फोनवरही.

आवाज हुबेहूब येतो का?

जवळपास येतो, पण मंचावर तीन ठिकाणी घोटाळा होतो.

एक, प्लगइन कधी कधी गरजेपेक्षा स्वच्छ वाजते. डीएक्स-७मध्ये आवाज बाहेर काढणारी चिप १२ बिटांची होती. तिच्यामुळे येणारी किंचित खरखर त्या आवाजाचाच भाग होती. हेडफोनवर हा फरक कळतो. मंडपातल्या कर्ण्यांतून कळेलच असे नाही. म्हणून टोन तपासायचा तर जिथे वाजवायचा आहे, तशाच साउंडवर तपासावा.

दोन, सूर वाकवण्याची चाकी. मिडीमध्ये या चाकीसाठी १६,३८४ पायऱ्या आहेत, त्यामुळे मींड घोटून घेता येते. पण चाकी पूर्ण फिरवल्यावर सूर किती सरकावा, हे प्रत्येक यंत्रात वेगळे ठरवता येते. बहुतेक ठिकाणी ते दोन अर्धस्वर असते. वादकाने जुन्या कीबोर्डवर ते बदलून घेतलेले असेल आणि प्लगइनवर तसेच राहिले, तर बीन ऐन रंगात बेसूर होईल. टोन बरोबर असूनही ‘मजा येत नाही’ असे वाटते तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते.

तीन, ताल. प्लगइन टोन आणतात. दादरा, केहरवा किंवा नाटकातल्या लावणीसाठी कीबोर्डमध्ये असलेल्या तालांच्या तयार चौकटी ती आणत नाहीत. त्या वेगळ्या उभ्या कराव्या लागतात.

ऑक्टोपॅडच्या बाबतीत कंपनीनेच हा प्रश्न ओळखला. रोलँडने अलीकडे एसपीडी-२० प्रो हे मॉडेल आणले, ते जुन्या एसपीडी-२०चे आवाज सोबत घेऊनच. नवे यंत्र विकायचे तर जुना आवाज सोडता येत नाही, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

रात्रभराच्या नाटकात लॅपटॉप टिकेल का?

पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत संगणक थोडा वेळ खातो. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगावर संगणकाने २५६ नमुन्यांचा साठा ठेवला, तर उशीर सुमारे ६ मिलिसेकंदांचा होतो. १,०२४ ठेवला तर सुमारे २३ मिलिसेकंदांचा. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे पहिला उशीर दोन मीटरवरच्या स्पीकरइतका, दुसरा आठ मीटरवरच्या. पहिला बोटांना जाणवत नाही, दुसरा ढोलकीच्या साथीत नक्की खटकतो.

साठा फार कमी ठेवला तर संगणक दमतो आणि आवाज तुटतो. म्हणून चांगले ऑडिओ कार्ड आणि त्याचे योग्य ड्रायव्हर हवेत. अँड्रॉइड फोनवर हा उशीर मॉडेलगणिक बदलतो. सरावाला फोन चालतो, पण प्रयोगासाठी त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे.

त्यात मोकळ्या मैदानातले दव, धूळ आणि जनरेटरची खालीवर होणारी वीज. जुना कीबोर्ड वीज येताच काही सेकंदांत वाजू लागतो. लॅपटॉप सुरू होऊन सगळी प्लगइन उघडेपर्यंत प्रेक्षक शिट्ट्या मारू लागतील. म्हणून शहाणा मार्ग मधला आहे. जुना कीबोर्ड चालू आहे तोवर मंचावर तोच ठेवायचा, त्याच्या मिडी वायरने लॅपटॉप जोडायचा आणि नवे टोन लॅपटॉपमधून घ्यायचे. लॅपटॉप अडलाच, तर कीबोर्डचा स्वतःचा आवाज हाताशी असतो. पुढे कीबोर्डचे आवाज गेले आणि पट्ट्या चालू राहिल्या, तरी तो मिडीची सूचना पाठवत राहतो.

फुकट मिळते ते सगळे कायदेशीर असते का?

नाही. डेक्स्ड, फ्लुइडसिंथ किंवा सर्ज ही प्लगइन निर्मात्यांनीच मोफत दिली आहेत. पण हजारो रुपयांची प्लगइन ‘क्रॅक’ करून पेनड्राइव्हवर फिरतात, ती चोरीचीच. संगणक सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. शिवाय अशा प्रतींतून व्हायरस येतो आणि तो ऐन प्रयोगात डोके वर काढतो.

दुसऱ्या बाजूला, याच कायद्याच्या कलम ५२ नुसार, कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला नुकसान किंवा नाश यांपासून बचाव म्हणून सॉफ्टवेअरची राखीव प्रत ठेवता येते. स्वतःच्या कीबोर्डमधली माहिती स्वतःसाठी जपणे वेगळे आणि इंटरनेटवरून दुसऱ्या कुणाच्या यंत्राच्या चिपमधली माहिती उतरवणे वेगळे.

गणिताचे पेटंट संपले, तरी ध्वनिमुद्रित तुकड्यांवरचा हक्क संपत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षे राहतो आणि या यंत्रांतले एकही अजून पन्नाशीला पोहोचलेले नाही. म्हणून डीएक्स-७चा आवाज मोफत प्लगइनमध्ये मिळतो, पण एम-१चा अधिकृत आवाज विकत घ्यावा लागतो.

प्लगइनही मरतात का?

मरतात, आणि अनेकदा यंत्रापेक्षा लवकर. अॅपलने २०१९ मध्ये मॅकच्या ‘कॅटालिना’ आवृत्तीत ३२ बिटांचे सॉफ्टवेअर चालवणे बंद केले, तेव्हा असंख्य जुनी प्लगइन एका दिवसात मुकी झाली. विंडोज १०चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, त्यांवरची प्लगइन आज चालतील, पण नव्या आवृत्त्या हळूहळू त्यांना ओळख दाखवणार नाहीत. काही प्लगइन महिन्याच्या वर्गणीवर चालतात आणि अधूनमधून इंटरनेटवर परवाना तपासतात. प्रयोगाच्या गावात नेटवर्क नसेल, तर हे आधीच उरकून ठेवावे लागते.

याउलट मिडी टिकली आहे. २०२० मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, तरी १९८३चा कीबोर्ड आजच्या संगणकाशी साध्या यूएसबी मिडी वायरने बोलू शकतो. ४० वर्षांहून अधिक काळ अशी सुसंगती संगणकाच्या जगात फार थोड्या गोष्टींनी राखली आहे.

मग काय जपायचे आणि कुणी?

जगाने महत्त्वाचे मानलेले आवाज जपायला कंपन्या आणि हौशी प्रोग्रॅमर आहेत. डीएक्स-७चा पियानो कुठे जाणार नाही. धोक्यात आहे ते वेगळेच. ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

पहिले, वादकाने स्वतः घडवलेले टोन. रोलँड, कॉर्ग, यामाहाच्या जुन्या कीबोर्डमध्ये हे टोन ज्या स्मृतीत राहतात, तिला नाण्याएवढ्या एका बॅटरीचा आधार असतो. ती संपली की वीस वर्षे घोटलेली धुमालची लीड, नाटकातल्या खलनायकाच्या प्रवेशाचा टोन, सारे एका रात्रीत पुसले जाते आणि कारखान्यातले मूळ टोनही पुन्हा भरावे लागू शकतात. बॅटरी स्वस्त असते; काही यंत्रांत ती सोल्डर केलेली असल्याने बदलायला जाणकार लागतो. त्याआधी टोन बाहेर काढून ठेवावेत. जुन्या यंत्रांत ‘सिसएक्स’ या मिडीच्याच सोयीने सगळे टोन संगणकात उतरवता येतात. ही फाइल काही केबींची असते आणि व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवून ठेवता येते. फ्लॉपी असलेल्या कीबोर्डमध्ये फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह चालवणारे खोके बसवता येते. हंगाम सुरू होण्याआधीचे हे एका दुपारचे काम आहे.

दुसरे, खरी वाद्ये. २१व्या क्रमांकाच्या रीड ऑर्गनमध्ये झाडीपट्टीचा ऑर्गन नाही, हे कानाला कळते. पण तो ध्वनिमुद्रित करता येतो. पाच सप्तकांच्या ऑर्गनच्या ६१ पट्ट्या, प्रत्येकीचा दहा सेकंदांचा सूर, सीडीच्या दर्जात; हे सारे मिळून सुमारे १०० एमबी होतात. त्याचा साउंडफाँट केला की कोणत्याही कीबोर्डवरून तो ऑर्गन वाजेल. ढोलकीचे आणि नगाऱ्याचे बोलही असेच जपता येतील. असे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा त्यावर स्वतःचा हक्क असतो, म्हणून ते मोकळेपणाने इतरांना देता येते. ऑर्गनच्या पत्त्या गंजून सुटू लागल्या आणि दुरुस्त करणारे हात कमी झाले, की ही संधी राहत नाही.

तिसरे, वादकाचा हात. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, ही तिची उणीव इथे कामाला येते. एखाद्या जुन्या वादकाने मिडी जोडलेल्या कीबोर्डवर नाटकाचे पद वाजवले, तर पट्टी कुठे हळू दाबली, मींड कुठे घेतली, सम येण्याआधी किती रेंगाळला, हे सगळे काही केबींत नोंदले जाते. ती फाइल नंतर शिकणारा मुलगा संथ लयीत ऐकू शकतो, पट्टी बदलून ऐकू शकतो, उद्याच्या कोणत्याही प्लगइनमध्ये वाजवू शकतो. ध्वनिमुद्रणात हे सगळे इतक्या सहज जमत नाही.

हे कुणी करायचे? नाटक मंडळी आणि धुमाल पार्ट्या आपल्या वादकांचे टोन जपू शकतात; त्यात त्यांचाच फायदा आहे. ऑर्गन आणि लोकवाद्यांचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण मात्र एकट्या वादकाच्या आवाक्यातले नाही. तिथे विद्यापीठे, महाविद्यालयांचे संगीत विभाग आणि राज्याचे सांस्कृतिक खाते यांनी हात घालायला हवा. पद्मश्रीने झाडीपट्टीच्या कलावंताचा सन्मान झाला; त्याच्या साथीतले सूर अजून कुठल्याही संग्रहात नीट लावायचे आहेत.

प्लगइन विकत घेणे सोपे आहे, ते पुढच्या वर्षीही मिळेल. चिचगड पट्ट्यातल्या एखाद्या घरात कपाटावर ठेवलेल्या जुन्या कीबोर्डमधली बॅटरी मात्र पुढच्या मंडईपर्यंत टिकेलच असे नाही. म्हणून आधी टोन उतरवून घ्यावेत, यंत्र भंगारात काढायचे की नाही ते नंतर ठरवावे.